विषय सोडून

पट एकवर आला त्या वर्षी संस्थेने माझ्या शाळेसाठी नऊ सवंगडी पाठवले. दूध न्यायला येणाऱ्या जीपमधून, पेंडेच्या पोत्यांवर बसून ते आले : एक राखाडी पेटी, एक कॅमेरा, आणि बाकांवर ठेवायच्या, मुठीत मावतील अशा नऊ आवाजपेट्या. जीपवाल्याने पावतीवर माझी सही घेतली आणि विचारले, "गुरुजी, ह्यांची पण खिचडी शिजवायची का?"

मी हसलो. त्या दिवशी मला हसू येत होते.

धावरी घाटमाथ्यावर आहे. बावीस घरे, त्यांतली चौदा कुलूपबंद. जिथे माणसे उरली तिथे ती म्हशींमुळे उरली. तेहेतीस वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा शाळेत चाळीस मुले होती. माझ्याजवळ मराठीची एम. ए.ची पदवी होती आणि कुठल्याच मासिकाने न छापलेल्या कवितांची एक वही होती. मुले एकेक करून घाट उतरली. जी परत आली ती पाहुणी म्हणून आली. दोन हजार अडतीस साली शाळेत एकटी कस्तुरी ढेबे उरली. इयत्ता चौथी. तिचे नाव पटावरून गेले की शाळेला कायमचे कुलूप लागणार होते आणि माझ्या निवृत्तीला अजून एक वर्ष होते.

गणित एकट्याने करता येते. भाषा एकट्याने शिकता येत नाही. तिला समोर कुणीतरी लागते : चुकीचे ऐकणारे, मध्येच तोडणारे, हट्टाने दुसरेच म्हणणारे. शिक्षक हे काम करू शकत नाही, कारण शिक्षकाशी मूल नेहमी उत्तराच्या स्वरात बोलते. म्हणून हे सवंगडी.

त्यांची घडण समजायला अवघड नाही. पेटीतल्या मूळ भाषाप्रतिमानाने कोट्यवधी पाने वाचलेली असतात आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे त्याला नेमके ठाऊक असते. पण तेवढ्यावर ते जे बोलते तो सर्वांचा आवाज असतो, म्हणजे कुणाचाच नसतो. त्यावर दुसरा एक पातळ थर चढवावा लागतो. एखाद्या माणसाच्या लेखनाची तीस-चाळीस पाने कॅमेऱ्यासमोर धरायची. तो वाक्य कुठे तोडतो, कोणता शब्द टाळतो, त्याला आधी रंग दिसतो की आवाज ऐकू येतो, अशी हजारभर मापे पेटी घेते आणि त्या मापांनी मूळ प्रतिमानाला बाक देते. शिंप्याने माणूस न पाहता, नुसत्या मापांवरून सदरा शिवावा तसे. मग कॅमेरा समोरच्या मुलाकडे पाहतो. ते कुठे अडखळते, त्याचा स्वर कुठे चढतो, यावरून पेटी पुढची कृती त्याच क्षणी रचते. दोन मुलांना एकच कृती कधी मिळत नाही.

मापे घ्यायला संस्थेने शहरातल्या मुलांचे लेखन सोबत पाठवले होते. मला ते नको होते. माझ्या लोखंडी कपाटात चौथीच्या निबंधवह्या होत्या, पहिल्या वर्षापासूनच्या, तपकिरी वेष्टनातल्या, एकही न हरवलेल्या. कस्तुरीच्या शेजारी धावरीचीच मुले बसावीत असे मला वाटले. मी नऊ वह्या निवडल्या. वंदना, भिकू, राजू, पारू... आणि जानू ढेबे, कस्तुरीचा चुलता. मी कुणाला विचारले नाही. वह्या माझ्याच कपाटात होत्या.

पेटीने पडद्यावर एक नकाशा काढला. त्यावर प्रत्येक आवाज म्हणजे एक ठिपका. दोन आवाज जितके वेगळे तितके ठिपके लांब. माझे नऊ ठिपके चिमटीतल्या मोहरीसारखे एका जागी गोळा झाले होते. खाली सूचना उमटली : 'आवाजांमधील अंतर अपुरे आहे. पुढे जायचे?'

एक गाव, एक माती, एकच शाळा. अंतर कमी असणारच, असे मी मनाशी म्हणालो आणि 'होय' दाबले.

*

"कृती सहावी," पेटी म्हणाली. "धावरीतून एक म्हैस हरवली आहे. कस्तुरी पोलीस पाटील आहे. तिने साक्षीदारांना प्रश्न विचारून म्हैस शोधायची आहे."

कस्तुरीने फूटपट्टी काखेत मारली आणि कमरेवर हात ठेवला. "जानू ढेबे, हजर हो. म्हैस शेवटची कुठं बघितलीस?"

"टेकडीच्या उतारावर," तिसऱ्या बाकावरून आवाज आला. "तिच्या पाठीवर मावळतीचे ऊन विसावले होते."

"ऊन ऱ्हाऊ दे. शिंगं कशी होती?"

"द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखी."

"अरे, पण वाकडी का सरळ? उद्या म्हैस सापडली तर काय चंद्राला बोलवून ओळख पटवायची?"

मी टेबलाशी बसून टाळी वाजवली. पडद्यावर 'सहभाग : उत्तम' अशी पट्टी हिरवी झाली. महिनाभरापूर्वी ही मुलगी दिवसाला चाळीस शब्द बोलत होती. त्या दिवशी ती अकराशे शब्द बोलली. म्हैस सापडली. वंदनाने रुसून दाखवले, भिकूने माफी मागितली. पाठीवर विसावलेले ते ऊन मात्र दिवसभर माझ्या मनात राहिले. धावरीची मुले किती सुंदर लिहीत होती, असे मला वाटले आणि डोळे भरून आले.

दुपारच्या सुट्टीत कस्तुरी घरी जेवायला जाई. मी वर्गातच डबा खात असे. पेट्या बंद करायचे माझ्या लक्षात राहत नसे.

*

मार्गशीर्षात कस्तुरीचा बाप आला. मंगेश चाकणच्या कारखान्यात होता. तिथे त्याने दोन खोल्या घेतल्या होत्या. त्याच्या हातात घडी घातलेला अर्ज होता.

"दाखला पाहिजे, गुरुजी. एकल्या पोरीनं किती दिवस हितं बसायचं?" एवढे बोलून तो थांबला. वर्गातून कस्तुरी कुणालातरी दटावत होती : "जानू, तुझी पाळी नाही, गप बस!"

"कोण जानू?"

मी त्याला सगळे सांगितले. तो ऐकत होता, पण माझ्याकडे पाहत नव्हता.

मंगेश आणि जानू यांच्यात वर्षाचे अंतर. दोघांची नावे शाळेत एकदमच घातली होती. दोघे एका बाकावर बसायचे. चौथीची परीक्षा झाली आणि त्या उन्हाळ्यात जानूला ताप भरला. घोंगडीची झोळी करून चार माणसांनी त्याला घाटाखाली न्यायला घेतले. दुसऱ्या वळणापर्यंत तो होता. त्याचा बोटभर आकाराचा एक फोटो घरात राहिला. आवाज कुठेच राहिला नाही.

मंगेश शेवटच्या बाकावर बसला. त्याचे गुडघे मावत नव्हते.

"जानू," तो म्हणाला, "मला वळखलंस का?"

"नमस्कार," जानू म्हणाला. "आपले आमच्या वर्गात मनःपूर्वक स्वागत असो."

मंगेश हसला आणि हसताहसताच त्याने बाहीने तोंड पुसले. "लई शाना झालाय." मग अर्ज खिशात घातला. "ऱ्हाऊ दे तिला हितंच. चुलत्याच्या शेजारी बसून शिकंल."

त्याला मी चहा दिला. आनंदाच्या भरात मी साखर दोनदा घातली.

त्यानंतर तो एक शनिवार सोडून एक येऊ लागला. चाकणहून रात्रीची एस. टी. धरून घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, सकाळची शाळा भरायच्या आत डोंगर चढून यायचे, वर्गात तासभर बसायचे. जानूशी तो फारसे बोलत नसे. ऐकत असे. चौथ्या खेपेला मात्र म्हणाला, "गुरुजी, त्याला सहलीचं बोलायला लावा की. समुद्राची सहल."

मी पेटीला विषय दिला. तिसऱ्या बाकावरून आवाज आला : "सहलीचा तो दिवस माझ्या स्मृतीत कोरला गेला आहे. अथांग सागर पाहून माझे मन आनंदाने भरून आले. लाटा जणू किनाऱ्याला एखादे गुपित सांगत होत्या..."

कस्तुरीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. बाकाकडे नाही, माझ्याकडे.

"गुरुजी," मंगेश हळूच म्हणाला, "जानू सहलीला आला न्हवता."

"असे कसे? त्याच्या वहीत..."

"तुम्ही बूट सक्तीचं केलं व्हतं. घरात बुटाचा एकच जोड. मी थोरला, म्हणून मी घातला." तो आवाजपेटीकडे पाहत होता. "माझ्या पण वहीत हेच आसंल. समद्यांच्याच. तुम्ही फळ्यावर लिवायचा, आम्ही बघून उतरायचो. 'लाटा जणू किनाऱ्याला एखादे गुपित सांगत होत्या, आणि किनारा ते वाळूच्या कानात जपून ठेवत होता.' मला आजून पाठ हाय."

ते वाक्य त्याने पुरे म्हणून दाखवले, एखादी जपून ठेवलेली वस्तू परत करावी तसे. मग उठला.

"ह्यो जानू न्हाई, गुरुजी. हे तुमीच हाय."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आले असते.

*

ती दुपार आणि रविवारचा अख्खा दिवस मी कपाटासमोर बसून होतो. नऊ वह्या शेजारी शेजारी उघडल्या. 'आमची सहल.' 'माझी आई.' 'माझा आवडता पक्षी.' हस्ताक्षरे नऊ, वाक्ये एकच. परीक्षेत मुलांना गुण मिळावेत म्हणून मी निबंध फळ्यावर लिहून द्यायचो, सगळेच देतात. पण सगळे गाइडमधून देतात. मी माझा देत होतो. माझ्या ज्या ओळी कुणी छापल्या नाहीत त्या मी तेहेतीस वर्षे इथे छापत होतो, लहान लहान बोटांनी, तपकिरी वेष्टनांत. पेटीने मापे बरोबर घेतली होती. ठिपके एका जागी आले होते, कारण तो एकच माणूस होता. माझ्याच आवाजाला नऊ नावे देऊन मी त्याला बाकांवर बसवले होते आणि एका मुलीला त्याच्याशी खेळायला लावले होते.

मुलांचे स्वतःचे काही कुठे असेल म्हणून मी वह्यांची मागची पाने पाहिली. मुले मागच्या पानावर गिरगटतात. पण तिथे पाने नव्हती, फाटल्याच्या कडा होत्या. दर सहामाहीला मीच ती फाडत असे. वही स्वच्छ हवी, हा माझा नियम होता.

मग मला लाल शाई दिसली.

जानूच्या सहलीच्या निबंधाखाली चार ओळी होत्या, फळ्यावर नसलेल्या. त्यांवर माझी लाल तिरकी रेघ होती आणि समासात माझाच शेरा : 'विषय सोडून.' पेटीने त्या वाचल्या नव्हत्या. 'खोडलेला मजकूर वगळा' ही सूचना पहिल्याच दिवशी मी तिला दिली होती.

मी कपाटातली प्रत्येक वही काढली. लाल रेघेखालचे तेवढे वाचत गेलो. 'माझी आई चिडली की भिंतीशी बोलते.' विषय सोडून. 'मी मोर बघितला नाही. मला घोरपड माहीत आहे, तिच्यावर लिहू का?' विषय सोडून. 'गुरुजी, हा निबंध मागच्या वर्षी ताईनेपण लिहिला होता.' तेहेतीस वर्षांच्या, तीनशेहून अधिक वह्यांमध्ये अशी एकतीस मुले सापडली. कुणाच्या दोन ओळी, कुणाचे अर्धे वाक्य. या ओळी फळ्यावर का नाहीत म्हणून मी चिडलो असेन. एकही प्रसंग मला आठवत नव्हता.

मी त्या ओळी पेटीला दिल्या. नकाशावर एकतीस ठिपके उमटले आणि पाहता पाहता एकमेकांपासून दूर पळाले, पडद्याच्या पार कडांपर्यंत. इतके दूर की दोन ठिपके एका नजरेत मावेनात. मग सूचना आली :

'प्रत्येक आवाजासाठी मजकूर अपुरा. सवंगडी घडवता येणार नाही.'

*

मंगेश त्या खेपेला चाकणला परतला नव्हता. सोमवारी सकाळी मी त्याला निरोप पाठवला. तो आला, पायरीवरच बसला. मी त्याच्या मांडीवर जानूची वही ठेवली, पान उघडून.

तो बोट ठेवून वाचू लागला, चौथीतल्या मुलासारखा, ओठ हलवत :

"मी सहलीला गेलो नव्हतो. दादा गेला. दादा म्हणला समुद्र म्हशीसारखा आसतो, काळा आणि सारखा फुसफुस करतो. मग मी गोठ्यात जाऊन डोळे मिटून बसलो."

त्याचे बोट शेवटच्या शब्दावर थांबले, मग पुन्हा पहिल्या ओळीवर आले. तीनदा वाचून झाले. गोठ्यांच्या बाजूने एक म्हैस हंबरली आणि आम्ही दोघांनीही मान वर केली.

"मी आसं सांगितलं व्हतं त्याला?" मंगेश म्हणाला. "मला आठवतच न्हाई."

त्याने पान उलटून पाहिले.

"एवढंच हाय?"

"एवढेच आहे."

"मागं काय लिवलेलं नसंल? लई गिरगटायचा त्यो. चित्रं काढायचा."

मी वहीची शेवटची बाजू त्याला दाखवली. फाटलेल्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. कुणी फाडले, हे त्याला सांगावे लागले नाही; त्याचीही पाने मीच फाडली होती.

मग त्याने खिशातून अर्ज काढला. दोन महिन्यांत घडीवर तो विरला होता. गुडघ्यावर ठेवून त्याने तो सरळ केला.

त्याला थांबवणे मला शक्य होते. तीन महिने, फक्त हे शैक्षणिक वर्ष, असे म्हणता आले असते. तो भिडस्त होता, राहिला असता. मी आत गेलो आणि दाखल्याचे पुस्तक काढले. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी 'स्थलांतर' लिहिले. दुसरे जे कारण होते त्याला तिथे जागा नव्हती.

"वाईट वाटून घेऊ नका," तो दाखला घेताना म्हणाला. "तिथं एका वर्गात साठ पोरं हायती. भांडतील तिच्याशी. तेवढं तर व्हईल." जानूची वही त्याने सदऱ्याच्या आत, छातीशी घातली. मी ती परत मागितली नाही. पहिल्यांदाच माझ्या कपाटातली एक वही कमी झाली.

*

कस्तुरीचा शेवटचा दिवस शनिवारी होता. ती यायच्या आधी मी नऊही आवाजपेट्या गोळा करून खोक्यात ठेवल्या. ती आत आली, रिकामे बाक पाहिले आणि आपल्या जागी बसली.

"कस्तुरी, तुला एक सांगायचे आहे. जानू, वंदना, भिकू, हे सगळे..."

"तुम्हीच होता ना?"

"तुला कधी कळले?"

"म्हशीच्या दिवशी." ती बाकाच्या कडेचा टवका नखाने खरवडत होती. "शिंगाला कोण चंद्रकोर म्हणतं, गुरुजी? आणि कुणी कधी माझी पेन्सिलपण मागितली नाही. भांडली तरी माझी चूक काढायची नाहीत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. खाली रस्त्यावर जीप उभी होती. मंगेश टपावर गाठोडी बांधत होता, तिची आई दोर ओढून देत होती.

"आज शेवटची कृती," मी म्हणालो. "वही काढ. लिही."

"विषय?"

"विषय नाही."

"मग काय लिहू?"

"तुला वाटेल ते."

तिने पेन्सिल हातात घेतली आणि फळ्याकडे पाहिले. फळा कोरा होता. तिने माझ्याकडे पाहिले. मीही कोराच होतो. किती वेळ गेला कोण जाणे. तिच्यासमोरचे पान तसेच होते, आणि मला भीती वाटू लागली की ह्या एका मुलीतही मी आता कुणाला जागा ठेवलेली नाही. मी पाठ फिरवून खिडकीशी उभा राहिलो.

थोड्या वेळाने पेन्सिलीचा आवाज सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू झाला. मग कागद फाटल्याचा आवाज आला.

"मागच्या पानावर लिहिलं, गुरुजी. चालंल?"

"चालेल."

तिने ते पान चार घड्या घालून टेबलावर ठेवले, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि पळाली. जीपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत आवाज येत राहिला, दुसऱ्या वळणाला थांबला.

मी कागद उघडला. चुरगळलेल्या कोपऱ्यात एका म्हशीचे चित्र होते, शिंगे वाकडी. खाली तीन ओळी.

'गुरुजी दुपारी डबा खाताना बाकांकडं तोंड करून बसतात. मधेच हसतात आणि बोलतात. मी जेवून लवकर येते आणि खिडकीतनं बघते, पण सांगत नाही.'

राखाडी पेटीवरचा दिवा लागला. तिचा कॅमेरा बंद करायचे राहूनच गेले होते. पडद्यावर अक्षरे आली : 'नवीन मजकूर आढळला. सवंगडी घडवायचा का?'

माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला होता. तो मी मागे घेतला. कागदाची घडी, लिहिलेली बाजू आत ठेवून, पुन्हा घातली आणि पडद्यावर 'नाही' दाबले. दिवा विझला.

दुपार झाली होती. मी डबा उघडला. कुठे तोंड करून बसावे, हे मला बराच वेळ ठरवता आले नाही.